बालकाचे पहिले दंतपरीक्षण : पूर्वकर्माचा विचार

पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म हे सुश्रुताचार्यांनी सांगितलेले कर्माचे तीन विभाग आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले. स्नेहन-स्वेदनाशिवाय शोधनास हात घालू नये, हे तर आपल्या अंगवळणीच पडले आहे. परंतु जे कर्म आपण स्वतः करीत नाही, रुग्णास दुसऱ्याकडे पाठवून करवून घेतो, त्याचे पूर्वकर्म कोणी करावयाचे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. लहान बालकास प्रथमच दंतवैद्याकडे पाठविणे हे असेच एक कर्म होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे. त्यास आमचीच एक चूक कारण झाली, म्हणून आरंभ तिच्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत एक माता आपल्या साडेचार वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्या कोरपन्यातील चिकित्सालयात आली. मुलीच्या वरच्या डाव्या दाढेत काळे छिद्र होते, अन्न अडके, रात्री वेदना वाढे. कृमिदंताचे निदान करण्यास विशेष पांडित्याची आवश्यकता नव्हती. आम्ही लवंग तेलाचा बोळा सांगितला, हिरडीस लावण्यास इरिमेदादि तैल दिले आणि वर म्हणालो, "दुधाचेच दात आहेत, पडून जातील." माता निश्चिंत झाली. तिची दिवसाची मजुरी वाचली, चंद्रपूरचे एसटीचे भाडे वाचले. पुढे दोनदा तिच्या थोरल्या मुलाने येऊन आमच्याच औषधालयातून लवंग तेल नेले. मुलगी डोळ्यांनी न पाहता आम्ही ते दिले.

पौषात ती पुन्हा आली तेव्हा गाल सुजलेला, डाव्या डोळ्याची खालची पापणी फुगलेली आणि अंगात ज्वर. त्याच दिवशी चंद्रपूरला पाठविले. मधल्या काळात, मुलगी रडू लागली की घरी तिला एकच वाक्य ऐकविले जात असे : "गप बस, नाहीतर चंद्रपूरला नेऊन दात उपटतो." आता खरोखरच चंद्रपूरला नेले आणि खरोखरच दाढ काढावी लागली. तिघांनी धरले, तिने दंतवैद्यांच्या बोटाला चावा घेतला. सूज ओसरली, मुलगी बरी झाली. परंतु त्यानंतर ती आमच्यासमोर जिव्हापरीक्षणासाठीही तोंड उघडेना. धाकटा भाऊ तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. 'दात' हा शब्द ऐकताच तोही दोन्ही हातांनी तोंड झाकू लागला.

दंतवैद्यांनी त्यांचे प्रधानकर्म यथायोग्य केले, मातेने तिला सुचले ते केले. राहिले होते ते पूर्वकर्म, आणि ते आमचे होते.

'पडणारेच दात' या समजाविषयी

प्रथम आमच्या त्या वाक्याचा समाचार घेऊ, कारण ते आपल्या व्यवसायात फार सैलपणे वापरले जाते. दुधाच्या पुढच्या दातांना सहाव्या-सातव्या वर्षी पडण्यास आरंभ होतो, हे खरे. परंतु दुधाची दुसरी दाढ साधारणतः दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत मुखात राहते. साडेचार वर्षांच्या मुलीस 'पडून जाईल' असे सांगणे म्हणजे तिला आणखी पाच-सहा वर्षे तो व्रण मुखात वागविण्यास सांगणे होय. शिवाय दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायम दातास वाट उरत नाही.

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात दंतजन्मिक नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात व उरलेले दोनदा जन्म घेतात, म्हणून त्यांस द्विज म्हणावे, असा विचार तेथे येतो. आधुनिक गणनेनुसार दुधाचे दात वीस आणि एकदाच येणाऱ्या दाढा बारा. संख्येत भेद असला तरी 'एकदाच येणारे दात' ही कल्पना व्यवहारात फार उपयोगाची आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी पहिली कायम दाढ उगवते, ती कोणताही दात न पडता गुपचूप येते. माता तिला दुधाचीच समजते, किडली तरी वाट पाहते, आणि ही दाढ गेली की पुन्हा येत नाही. सहा-सात वर्षांचे मूल कोणत्याही कारणाने आपल्याकडे आले की जीभ पाहतानाच त्या दाढेवर प्रकाश टाकून पाहावे. पाच क्षणांचे काम आहे.

आता पहिले परीक्षण केव्हा करावे? बालदंतवैद्यकाचे आजचे मत असे की, पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. हे वाचून आमच्या भागातील वैद्यबंधू हसतील हे आम्ही जाणतो. कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा ओलांडून चंद्रपूर गाठावयाचे म्हणजे पन्नास किलोमीटरहून अधिक अंतर आणि मजुरीचा एक दिवस. न दुखणाऱ्या दातासाठी हा प्रवास कोण करील? म्हणूनच आम्ही पहिले परीक्षण दोन भागांत विभागतो. पहिला भाग आपल्याच चिकित्सालयात, लसीकरणाच्या किंवा सर्दी-पडशाच्या निमित्ताने, वर्षाच्या आतबाहेर. दुसरा भाग दंतवैद्यांकडे, तीन वर्षांच्या आत, आणि शक्यतो दुखू लागण्यापूर्वी. दातावर खडूसारखा पांढरा पट्टा किंवा काळा ठिपका दिसला तर मात्र वयाची वाट पाहू नये. ही तडजोड आहे, शास्त्र नव्हे. परंतु गालाला सूज आल्यावर होणाऱ्या पहिल्या भेटीपेक्षा ती कितीतरी बरी.

भय न घालणे हेच पूर्वकर्म

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात कुमारागाराचे वर्णन करताना एक सूचना स्पष्ट शब्दांत आली आहे. बालक रडत असेल, जेवत नसेल किंवा ऐकत नसेल, तरी त्यास राक्षस, पिशाच, पूतना इत्यादींची नावे घेऊन भिववू नये. सुश्रुतसंहितेतही बालकास त्याच्या अंगास सुख होईल असे धरावे, त्यास दटावू नये, एकाएकी जागे करू नये, असे सांगितले आहे. आज आपल्या घरांतून पूतना गेली आणि तिच्या जागी डॉक्टर आला, इतकाच फरक. 'जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील' हे वाक्य आमच्या प्रतीक्षागृहात आम्ही रोज ऐकतो. कधी कधी आमच्याकडेच बोट दाखवून म्हटले जाते, आणि आम्ही कौतुकाने हसतो. ते हसणे आता आम्ही बंद केले आहे.

याहून नेमके मार्गदर्शन सुश्रुताच्या सूत्रस्थानात कर्णवेधाच्या वर्णनात मिळते. बालकास धात्रीच्या मांडीवर बसवावे, खेळण्यांनी रमवावे, त्याचे सांत्वन करीत राहावे, आणि मग वैद्याने डाव्या हाताने कान ओढून सूर्यप्रकाशात दिसणाऱ्या नैसर्गिक छिद्राच्या जागी वेध करावा. येथे मांडी आहे, खेळणे आहे, गोड बोलणे आहे आणि प्रकाशही आहे. बालदंतवैद्यकात आज 'गुडघ्याला गुडघा' म्हणून जी पद्धत शिकविली जाते, ती याच्या फार जवळची आहे. माता व परीक्षक समोरासमोर बसतात, गुडघे जुळवितात. बालक मातेकडे तोंड करून तिच्या कमरेभोवती पाय टाकून बसते, मग त्याला हळूच मागे निजवून डोके परीक्षकाच्या मांडीवर घेतात. हात मातेच्या हातात राहतात. बालकाला सर्व वेळ आईचे मुख दिसते. ते रडले तर रडू द्यावे. रडताना तोंड उघडते, परीक्षण अर्ध्या मिनिटात संपते आणि ते लगेच आईच्या छातीशी जाते. तीन वर्षांखालील बालकासाठी आम्ही हीच पद्धत वापरतो.

थोड्या मोठ्या मुलासाठी 'सांगा, दाखवा, करा' हा क्रम १९५९ साली अॅडल्स्टन यांनी मांडला. उपकरण काय करते ते मुलाच्या भाषेत सांगावे, त्याच्या नखावर किंवा बाहुलीवर करून दाखवावे, आणि जसे दाखविले अगदी तसेच मुखात करावे. तिसरी पायरी पहिल्या दोहोंशी प्रामाणिक असली पाहिजे. गंमत म्हणून दाखविले आणि सुई टोचली, तर तो क्रम उलटा बाधतो.

घरातील तालीम

भेटीच्या आठ दिवस आधी मातापित्यांशी पाच मिनिटे बोलावे. महिनाभर आधीपासून विषय काढला तर मुलाच्या मनात भीतीला घर करण्यास वेळ मिळतो, आणि आदल्या रात्री काढला तर त्याला फसविल्यासारखे वाटते. शब्दांविषयी आमचा आग्रह आहे. 'मुळीच दुखणार नाही' असे म्हणू नये, कारण त्यातील 'दुखणे' एवढेच मुलाच्या ध्यानी राहते आणि दुखलेच तर आई खोटी पडते. उपटणे, टोचणे, सुई, रक्त हे शब्द घरात कोणीही, आजीनेही, उच्चारू नयेत. मुलाने थेट विचारले तर खरे ते थोडक्यात सांगावे : "काय करायचे ते तेथील डॉक्टर तुला आधी दाखवतील, मी तुझ्याजवळच असेन." बक्षिसाची लालूच आधी दाखवू नये. जिलेबी कबूल केली की काहीतरी भयंकर होणार हे चाणाक्ष मूल ताडते, आणि दातासाठी जाऊन जिलेबी खाणे यातील विसंगती तर निराळीच.

शेतकऱ्याच्या मुलास दंतपरीक्षण ही गोष्ट अपरिचित नसते, हे आम्हांस एका आजोबांनी शिकविले. बैलबाजारात बैल घेताना दात पाहतात, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, असे वय ठरवितात. आजोबांनी नातवास सांगितले, "आपल्या बैलाचे दात पाहिले होते ना, तसे तुझे मोजायचे आहेत. तू किती दाती ते चंद्रपूरचे डॉक्टर सांगतील." तेव्हापासून आम्ही हाच उपाय सुचवितो. संध्याकाळी घरी मुलास मांडीवर निजवून बोटाने दात मोजावेत, मग त्याने आजीचे मोजावेत. आजीचे थोडे भरतात, हसू होते. आमच्याकडे गोंडी, कोलामी, तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. ही तालीम ज्या भाषेत मूल झोपी जाते त्या भाषेत व्हावी. दात, तोंड, उघड, बस एवढे चार शब्द आम्ही आईला विचारून कागदावर देवनागरीत लिहून देतो, म्हणजे दंतवैद्यांनाही ते उच्चारता येतात.

सोबत मुलाचे आवडते खेळणे द्यावे. चरकाचार्यांनी खेळण्याचे गुण सांगितले आहेत : विचित्र, नाद करणारे, मनोहर, जड नसलेले, टोकदार नसलेले, तोंडात न शिरणारे आणि भय न उपजविणारे. तान्ह्या पोळ्याचा छोटा लाकडी बैल चालेल, त्याची शिंगे बोथट आहेत ना एवढे पाहावे. सकाळची वेळ घ्यावी. मूल झोप पूर्ण झालेले व थोडे खाल्लेले असावे. चंद्रपूरला जातोच आहोत तर कपड्यांची खरेदी आणि मामाकडचे बारसेही उरकू, असे करू नये, थकलेले मूल कोणाचेच ऐकत नाही. बरोबर जाणारा शांत स्वभावाचा असावा. आणि वडिलांनी त्या दिवशी तरी खर्रा घरी ठेवून जावे. दंतवैद्य मुलास दात स्वच्छ ठेवण्यास सांगत असताना शेजारी बसलेल्या बापाचा गाल फुगलेला असणे बरे दिसत नाही.

पाण्याचा प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेहून अधिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड इष्ट, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य मानतात. अशा गावांतील मुलांचे कायम दात उगवतात तेच पांढुरके पट्टे किंवा तपकिरी डाग घेऊन. माता त्यास मळ समजून राखेने, कोळशाने घासते, आपण त्यास श्यावदंत समजून मंजन देतो. दोन्ही व्यर्थ, कारण दोष पृष्ठावर नसून दाताच्या घडणीत असतो. पुढच्या कायम दातांची ही घडण जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच होते. म्हणजे दोन वर्षांच्या बालकाचे दंतपरीक्षण करताना त्याच्या घरचे पाणी कोणत्या हातपंपाचे, हे विचारणे हाही परीक्षणाचा भाग आहे. थोरल्या भावंडाच्या दातांवर पट्टे दिसले तर धाकट्यासाठी पाण्याचा स्रोत आजच बदलता येतो का ते पाहावे आणि पाणी तपासून घ्यावे.

यावरून पेस्ट द्यावी की नाही असा प्रश्न वैद्यबंधू विचारतात. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, हे आजचे सामान्य प्रमाण आहे. फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावात मात्र कोणती पेस्ट आणि किती, हे दंतवैद्यांनीच ठरवावे. शार्ङ्गधरांनी गंडूष-कवल पाचव्या वर्षापासून सांगितले आहेत. त्यापूर्वी बालकास चूळ भरून थुंकता येत नाही, ते गिळते, हे ध्यानात ठेवले की प्रमाणाचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

औषधालयाच्या गल्ल्यावर

हा भाग औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी, आणि अर्थात आमच्यासाठीही. लवंग तेल ही निरुपद्रवी वस्तू नव्हे. लहान बालकाने पाच ते दहा मिलिलिटर गिळल्यास ग्लानी, झटके आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. झाकण सैल असलेली बाटली मुलाच्या हाती देऊन घरी पाठवू नये. बालकाच्या दातदुखीसाठी कोणी दुसऱ्यांदा तेल मागण्यास आले, तर तेल न देता मूल दाखविण्यास सांगावे. एवढा एक नियम आम्ही पाळला असता तर वरील मुलीचा गाल सुजला नसता. हिरड्यांवर टंकण-मध चोळण्याची रीतही आम्ही सोडली. बोरॅक्स व मध लावलेल्या चोखण्यांमुळे अर्भकांना झटके आल्याचे विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत पाश्चात्त्य नियतकालिकांत नोंदले गेले आहे. दंतोद्भेदाच्या विकारांत बालकास फार यंत्रणा लावू नये, ते दात आल्यावर आपोआप शमतात, हे वाग्भटाचार्यांचे मत आम्हांस अधिक सुरक्षित वाटते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ सालापासून बंदी आहे. तरी गुडाखू, तपकीर घरात असतेच, आणि मूल आजीच्या बोटाचे अनुकरण करते.

आणखी एक गोष्ट अप्रिय वाटली तरी सांगितली पाहिजे. आपली बालौषधे गोड असतात. मध, खडीसाखर, अवलेह, सरबतासारखी पातळ कल्पे आपण 'रात्री झोपताना' असे लिहून देतो. झोपेत लाळ कमी सुटते आणि तो गोडवा दातांवर रात्रभर राहतो. औषध जेवणाबरोबर द्यावे आणि रात्री देणे अपरिहार्य असेल तर वर पाणी पाजून दात पुसावेत, हे चिठ्ठीवरच लिहावे.

पाठविताना द्यावयाची चिठ्ठी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी असतात, म्हणजे बहुधा आपलेच बंधुभगिनी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी अपेक्षित असते, दातांची कीड तपासावयाच्या विकारांत आहे. त्यांनी लिहून दिलेला कागद अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत पडून असतो, तो विचारून पाहावा. जिल्हा रुग्णालयाच्या पलीकडे जावे लागले तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि वर्धेजवळ सावंगी मेघे येथील दंत महाविद्यालय येथे बालकांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

चिठ्ठीत वय, वजन, ज्वर-सूज किती दिवसांची, आपण दिलेली सर्व औषधे, आणि मुलाचे लाडके नाव लिहावे. आमच्या पट्ट्यात सिकलसेल विकार असल्यामुळे त्याची तपासणी झाली आहे का आणि निष्कर्ष काय, हे अवश्य लिहावे. अशा बालकास जंतुसंसर्ग, निर्जलीकरण आणि लांबलेला उपवास तिन्ही बाधतात, दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना ते ठाऊक असलेच पाहिजे. जन्मजात हृद्रोग अथवा रक्त न थांबण्याची प्रवृत्ती असल्यास तेही. गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल किंवा मूल लाळ गिळत नसेल, तर मात्र तालीम वगैरे काही नको, त्याच क्षणी पाठवावे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने दंतकर्माची जी मुभा आली, ती शालाक्य विषयातील पदव्युत्तर शिक्षणासंबंधी आहे. आपल्यासारख्या पदवीधरांनी तिचा आधार घेऊन चिमट्यास हात लावू नये.

त्या मुलीच्या धाकट्या भावास गेल्या तान्ह्या पोळ्यानंतर आम्ही पाठविले. साडेतीन वर्षांचा. आठ दिवस घरी तालीम झाली होती. दंतवैद्यांनी प्रथम लाकडी बैलाचे तोंड पाहण्यास मागितले, तेव्हा याने त्यांस सुनावले की लाकडाच्या बैलाला दात नसतात. मग स्वतःचे दाखविले. वीस भरले. दोन दाढांवर आरंभीची कीड होती, ती पुढच्या खेपेत भरली. बहीण दाराशी उभी राहून सर्व पाहत होती. तिची सहाव्या वर्षाची दाढ आता आली असणार, परंतु आम्हांस ती अजून पाहता आलेली नाही. गेल्या आठवड्यात ती आमच्या आरशाने भावाचे दात मोजत होती. आरसा आम्ही तिच्याकडेच ठेवला आहे.